वस्त्रगाळ होऊनही पुन्हा उभा राहणारा प्राणी : स्पंज

स्पंज हा शब्द शाळेत पुष्कळ काळ पाटीच्या संगतीने वावरला. ऐपतदार घरच्या मुलाच्या पाटीला स्पंजाचा तुकडा दोऱ्याने बांधलेला असे; इतरांचे काम ओल्या चिंधीवर भागे. आज दुकानात स्पंज म्हणून जी वस्तू मिळते ती बहुधा कारखान्यात रसायनांपासून बनविलेली असते व समुद्राशी तिचा काडीमात्र संबंध नसतो. त्यामुळे स्पंज हा एक प्राणी आहे असे वर्गात सांगताच मुले हसतात. त्यांचे हसणे अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. ज्याला डोके नाही, डोळे नाहीत, हातपाय नाहीत, पोट नाही, जो जन्मभर एका खडकाला चिकटून राहतो, त्याला प्राणी का म्हणावे? या प्रश्नाचा निकाल लावण्यास खुद्द विद्वानांनाही दोन हजारांहून अधिक वर्षे लागली आहेत.

ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात स्पंजाविषयी लिहून ठेवले आहे. स्पंज खडकावरून तोडला तरी उरलेल्या बुंध्यापासून तो पुन्हा वाढतो व पूर्ण होतो, ही गोष्ट त्याच्या काळच्या पाणबुड्यांना ठाऊक होती आणि त्याने तिची नोंद केली. पुढे शतकानुशतके स्पंजाची गणना कधी वनस्पतींत, कधी अर्धवट प्राण्यांत होत राहिली. इ.स. १७६५ मध्ये जॉन एलिस या इंग्रज निरीक्षकाने जिवंत स्पंजातून पाण्याचा प्रवाह वाहतो असे दाखविले. त्यानंतर १८२५ च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये रॉबर्ट ग्रँट याने समुद्रकाठचा लहानसा जिवंत स्पंज काचेच्या वाटीत खाऱ्या पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्याच्या एका छिद्रातून पाण्याचा झोत कणांसह सतत बाहेर पडताना दिसला. पाणी अंगावरील असंख्य बारीक रंध्रांवाटे आत शिरते व मोठ्या छिद्रांवाटे बाहेर पडते, हा क्रम ग्रँटने निश्चित केला. या रंध्रांवरूनच स्पंजांच्या संघाला पोरिफेरा, म्हणजे रंध्री प्राणी, असे नाव मिळाले. (पुढे जगप्रसिद्ध झालेला चार्ल्स डार्विन विद्यार्थिदशेत एडिंबरो येथे याच ग्रँटबरोबर समुद्रकाठी हिंडत असे.)

स्पंजाची शरीररचना समजल्यावाचून त्याच्या पुनर्जननाचे आश्चर्य नीट उमगणार नाही. म्हणून प्रथम ती पाहणे इष्ट होय. स्पंज म्हणजे पाण्याच्या वाटांचे एक जाळे. बाहेरून चपट्या पेशींची पातळ त्वचा असते. आत वळणावळणाच्या नलिका व त्यांच्यात हजारो, मोठ्या स्पंजात लक्षावधी, सूक्ष्म कोठड्या असतात. या कोठड्यांच्या भिंतींना ज्या पेशी चिकटलेल्या असतात त्या स्पंजाच्या खऱ्या कामकरी पेशी. अशा प्रत्येक पेशीला एक लांब केसासारखी कशाभिका असते आणि त्या केसाच्या बुडाशी बारीक तंतूंची गळपट्टी असते. कशाभिका अखंड वळवळते, त्यामुळे पाणी खेचले जाते; पाण्याबरोबर आलेले जीवाणू व इतर सूक्ष्म कण गळपट्टीत अडकतात आणि पेशी ते गिळते. त्वचा व कोठड्या यांच्या मध्ये एक बुळबुळीत थर असतो. त्यात आधारासाठी चुन्याच्या किंवा वाळूच्या जातीच्या द्रव्याच्या काटेरी सुया, म्हणजे कंटिका, असतात. स्नानाच्या स्पंजात कंटिकांऐवजी लवचिक शिंगासारख्या द्रव्याचे धागे असतात, आणि बाजारात येतो तो हा धाग्यांचा सांगाडाच होय. याच थरातून काही पेशी अमीबाप्रमाणे सरपटत इकडून तिकडे फिरत असतात. त्यांना आदिपेशी म्हणतात. अन्न पोचविणे, सांगाड्याची दुरुस्ती, गरज पडेल तेथे नव्या पेशी पुरविणे, अशी नाना कामे त्यांच्याकडे असतात. त्यांची ओळख ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व कथेत त्यांचा वाटा मोठा आहे.

या व्यवस्थेचा आवाका कळण्यासाठी एक उदाहरण पुरे. ल्यूकोनिया नावाचा सुमारे १० सेंटिमीटर उंच व १ सेंटिमीटर जाडीचा, म्हणजे मोठ्या माणसाच्या बोटाएवढा स्पंज असतो. त्याच्या अंगात पाणी आत नेणाऱ्या सुमारे ८१ हजार नलिका व २० लाखांवर कोठड्या असतात, आणि दिवसाकाठी सुमारे २२ लिटर पाणी त्याच्यातून गाळून जाते, असा हिशेब करण्यात आला आहे. दोन-तीन कळशा पाणी एका बोटाएवढ्या जिवाने रोज गाळावे ही सामान्य गोष्ट नव्हे.

मात्र या सर्व यंत्रणेत मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, हृदय नाही, रक्त नाही. प्रत्येक पेशी जवळून वाहणाऱ्या पाण्यातून आपले पोट भरते व प्राणवायू घेते. गावातील प्रत्येक घराच्या दाराशी पाट वाहत असला म्हणजे एका विहिरीवर सगळ्या गावाचा जीव अवलंबून राहत नाही. तशीच ही स्थिती आहे. माणसाचे हृदय थांबले की हाताच्या बोटातील पेशीही मरतात. स्पंजाच्या पेशीवर अशी पाळी सहसा येत नाही.

आता मुख्य प्रयोगाकडे वळता येईल. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात हेन्री व्हॅन पीटर्स विल्सन (१८६३ ते १९३९) नावाचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते. ब्यूफर्ट या किनाऱ्यावरील गावी सरकारी मत्स्यखात्याची प्रयोगशाळा होती व तेथे ते स्पंजांचा अभ्यास करीत. स्पंजाची शेती करता येईल काय, हा त्या काळी व्यापाराच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा प्रश्न होता. विल्सन यांना असे आढळून आले होते की, टाकीतील अपुऱ्या पाण्यात ठेवलेले काही स्पंज हळूहळू आक्रसतात, त्यांच्या नलिका व कोठड्या मोडतात, आणि शेवटी लहान लहान गोळे तेवढे उरतात. पण ते गोळे पुन्हा समुद्रात नेऊन ठेवले की त्यांच्यापासून स्पंज वाढू लागतात. जो प्राणी आपली सर्व घडी अशी स्वतः मोडू शकतो, त्याची घडी बाहेरून मोडली तर काय होईल? १९०७ साली विल्सन यांनी ते करून पाहिले.

त्यांनी किनाऱ्यावर विपुल मिळणारा लाल रंगाचा मायक्रोसियोना जातीचा स्पंज घेतला. त्याचे तुकडे बारीक रेशमी कापडात बांधून समुद्राच्या पाण्यात धरले व पुरचुंडी पिळली. हे कापड म्हणजे पिठाच्या गिरण्यांत मैदा चाळण्यासाठी वापरीत ते. आपल्याकडे वैद्य लोक चूर्ण वस्त्रगाळ करतात, तसा हा जिवंत प्राणी अक्षरशः वस्त्रगाळ करण्यात आला. कापडातून लाल ढगासारखा रस पाण्यात उतरला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात दिसत होत्या त्या सुट्या पेशी आणि दोन-चार पेशींचे बारके पुंजके. त्वचा, नलिका, कोठड्या यांपैकी काहीही शिल्लक नव्हते. स्पंज म्हणून ज्याला ओळखावे असे त्या भांड्यात काहीच उरले नव्हते.

पेशी भांड्याच्या तळाशी बसल्या. थोड्याच वेळात त्या सरपटू लागल्या. एक पेशी दुसरीला भेटली की चिकटे. दोघी मिळून तिसरीला चिकटत. अशा रीतीने पुंजक्यांचे गोळे व गोळ्यांचे मोठे गोळे बनले. हे गोळे काचेवर पसरून पातळ पापुद्र्यासारखे झाले, त्यांच्यावर त्वचा आली. पुढील काही दिवसांत आतमध्ये पोकळ्या पडल्या, कशाभिकांच्या कोठड्या तयार झाल्या, नलिका जोडल्या गेल्या, पाणी बाहेर टाकणारे छिद्र उघडले आणि नव्या कंटिका दिसू लागल्या. काही आठवड्यांत काचेवर लहान लहान जिवंत स्पंज पाणी गाळीत बसलेले होते.

या प्रयोगाविषयी काही पुस्तकांत अतिशयोक्ती आढळते, ती शिक्षकांनी टाळावी हे बरे. कापडातून पिळलेला स्पंज पुन्हा जसाच्या तसा, पूर्वीच्याच आकाराचा उभा राहतो असे नव्हे. एका स्पंजापासून अनेक लहान स्पंज होतात. पिळताना पुष्कळ पेशी मरतात. उरलेल्या सर्वच गोळ्यांपासून पूर्ण स्पंज होतोच असेही नाही. शिवाय स्पंजाच्या ज्ञात जाती ९ हजारांहून अधिक आहेत, आणि त्यांतील कित्येक जातींच्या पेशी गोळा होण्यापर्यंतच मजल मारतात व तेथेच थांबतात. इतके वजा करूनही जे उरते ते विस्मयकारक आहे. घर पाडून विटांचा ढीग करावा, आणि विटांनी आपण होऊन चालत यावे, एकमेकींना शोधावे व भिंती, दारे, खिडक्या यांसह लहान घरे उभारावीत, असाच हा प्रकार होय. गवंडी कोणी नाही आणि नकाशाही कोणाच्या हाती नाही.

विल्सन यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. त्यांनी दोन निरनिराळ्या जातींच्या स्पंजांच्या पेशी एकाच भांड्यात मिसळल्या. त्यांचे मिश्र स्पंज बनले नाहीत. पुढे १९२५ साली पॉल गाल्टसॉफ या संशोधकाने लाल मायक्रोसियोना व पिवळा क्लायोना या दोन जाती घेऊन असेच प्रयोग केले. रंग वेगळे असल्याने परिणाम नजरेला स्पष्ट दिसे. लाल पेशी लाल पेशींजवळ व पिवळ्या पिवळ्यांजवळ गोळा झाल्या. काही जातींच्या पेशी प्रथम सरमिसळ होऊन एक गोळा करतात व मग आतल्या आत वेगळ्या होतात, असेही नंतरच्या प्रयोगांत दिसून आले. ज्वारी-बाजरी एकत्र कालवून ठेवावी आणि सकाळी दोन निरनिराळे ढीग दिसावेत, असा हा निवाडा आहे. डोळे नसलेल्या, मेंदू नसलेल्या सुट्या पेशीला आपली जात कशी कळते?

या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास अर्धशतक जावे लागले. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. ते नसलेल्या कृत्रिम खाऱ्या पाण्यात स्पंज ठेवला तर न पिळताही त्याच्या पेशी सुट्या होऊ लागतात. १९६० नंतरच्या काही वर्षांत टॉम हम्फ्रीज व ॲरन मॉस्कोना या शास्त्रज्ञांनी अशा पेशी अलग केल्या, तेव्हा पेशींच्या पृष्ठभागावरून सुटून पाण्यात उतरलेला एक पदार्थ त्यांना सापडला. हा पदार्थ व कॅल्शियम पुन्हा घातले की पेशी चटकन एकत्र येत. मात्र ज्या जातीचा पदार्थ त्याच जातीच्या पेशी. तो प्रथिन व शर्करा यांच्या संयोगाचा, आकाराने फार मोठा रेणू आहे, असे पुढे ठरले. १९९७ साली तर पेशी बाजूला ठेवून केवळ निर्जीव सूक्ष्म मण्यांवर निरनिराळ्या स्पंजांपासून काढलेला हा पदार्थ चढविण्यात आला, आणि कॅल्शियमच्या सान्निध्यात ते मणीदेखील आपापल्या जातीप्रमाणे गोळा झाले. ओळख पटविण्याचे काम पेशीच्या अंगावरील या आवरणाकडे आहे, हे यावरून सिद्ध होते.

हे ज्ञान स्पंजापुरते राहिले नाही. मॉस्कोना यांनी कोंबडीच्या गर्भातील पेशी सुट्या करून पाहिल्या. योहानेस होल्टफ्रेटर व त्याच्या सहकाऱ्याने १९५५ साली बेडकासारख्या उभयचरांच्या गर्भपेशींवर प्रयोग केले. तेथेही पेशी आपापल्या जागा शोधतात असे दिसले. नंतर जपानमधील मासातोशी ताकेइची यांच्या संशोधनातून, कॅल्शियम असेल तरच पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारी कॅडहेरिन नावाची प्रथिने उजेडात आली. माणसाच्या शरीरातही ही प्रथिने पेशींना धरून ठेवतात. कर्करोगात गाठीतील पेशी सुटून अन्यत्र पसरतात तेव्हा या बंधनांत बिघाड झालेला पुष्कळदा आढळतो. स्पंजातील पदार्थ व माणसातील प्रथिने एकच नव्हेत. तथापि पेशी पेशीला का चिकटते, हा प्रश्न प्रयोगाने विचारता येतो याची पहिली ठळक खूण ब्यूफर्टच्या त्या रेशमी पुरचुंडीने करून दिली.

दुसरा एक वाद याहूनही अधिक काळ चालला. नवा स्पंज नेमका कोणत्या पेशी उभारतात? जुन्या त्वचेच्या पेशी पुन्हा त्वचाच होतात आणि गळपट्टीच्या पेशी पुन्हा कोठड्यांतच जाऊन बसतात, की कोणतीही पेशी कोणतेही काम पत्करते? विल्सन यांचा भर आदिपेशींवर होता. विशेष कामात गुंतलेल्या पेशी मागे पडतात किंवा आपले विशेष रूप टाकून देतात, आणि अजून कोणत्याच कामाला न जुंपलेल्या आदिपेशी सर्व काही घडवितात, असे त्यांचे मत. १९११ साली ज्यूलियन हक्सली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने सायकॉन या चुनेरी स्पंजाच्या केवळ गळपट्टीच्या पेशी एकत्र ठेवून पाहिल्या. त्यांचे पोकळ गोळे झाले, कशाभिका हलत राहिल्या, पण पूर्ण स्पंज काही झाला नाही. यावरून प्रत्येक पेशी आपल्या धंद्याला बांधलेली आहे असे मानणाऱ्यांचे पारडे जड झाले. वाद मिटला नाही; कारण पेशींची गर्दी झाल्यावर कोणती पेशी कोठून आली हे ओळखण्याचे साधन त्या काळी नव्हते.

ते साधन आता उपलब्ध आहे. पेशींना चमकणारा रंग देऊन त्यांचा माग काढता येतो, आणि प्रत्येक प्रकारच्या पेशीत कोणती जनुके कामाला लागलेली आहेत हेही वाचता येते. ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफवरील ॲम्फिमेडॉन क्वीन्सलँडिका या स्पंजाचा संपूर्ण जनुकसंच २०१० साली प्रसिद्ध झाला. २०१९ साली त्याच्या पेशींविषयीचे संशोधन प्रकाशित झाले. त्यात असे दिसून आले की गळपट्टीची पेशी आपली कशाभिका व गळपट्टी टाकून आदिपेशी होऊ शकते, आणि आदिपेशीपासून पुन्हा त्वचेच्या वा गळपट्टीच्या पेशी होतात. म्हणजे धंदा आहे, पण तो जन्माचा नाही. शेतकऱ्याने हंगाम संपल्यावर गवंडीकाम करावे व पावसाळ्यात पुन्हा नांगर धरावा, तसे हे चालते. हक्सलीचा अनुभव खोटा नव्हता. सर्व जातींत ही मुभा सारखी नसते, एवढाच त्याचा अर्थ. निरनिराळ्या स्पंजांत हे दोन्ही मार्ग कमीअधिक प्रमाणात चालतात, असे आज दिसते.

याच संदर्भात २००९ साली प्रसिद्ध झालेले एक निरीक्षण मोठे बोलके आहे. कॅरिबियन समुद्रातील हॅलिसार्का नावाच्या स्पंजात गळपट्टीच्या पेशी सुमारे ५ ते ६ तासांत एकदा दुभंगतात असे आढळले. बहुपेशीय प्राण्यांत हा वेग फार मोठा आहे. तरीही स्पंज त्या मानाने वाढत नाही, कारण जुन्या पेशी तो सतत बाहेर टाकीत असतो. जखम होवो वा न होवो, त्याचे नवे होणे रोज चालूच असते. कापडातून पिळल्यावर जी शक्ती प्रकट होते ती संकटासाठी राखून ठेवलेली नसून त्याच्या नित्याच्या संसारातलीच आहे, असे म्हणणे अधिक योग्य.

मुले येथे एक शंका हमखास काढतील, आणि ती काढू द्यावी : पिळल्यावर झालेला स्पंज तोच की दुसरा? पाल शेपूट टाकते व नवे शेपूट फुटते तेव्हा पाल तीच राहते, याविषयी कोणाला संशय नसतो. (नव्या शेपटात मणक्यांऐवजी कूर्चेची नळी असते, हे जाता जाता सांगण्यासारखे आहे.) उसाचे कांडे लावले की नवा ऊस येतो, पानफुटीचे पान मातीवर पडले की कडेने रोपे फुटतात, तेथे जुने रोप व नवे रोप वेगळे मोजता येते. स्पंजाच्या बाबतीत दोन्ही मापे अपुरी पडतात. एकाचे शंभर झाले, शंभर गोळे चिकटून पुन्हा एक झाला, तर जन्म कितींचा व मृत्यू कोणाचा? तरी स्पंजाला आपपरभाव मुळीच नाही असे मात्र समजू नये. १९७९ साली हवाई बेटांजवळील कॅलिस्पंजिया या स्पंजावरील प्रयोग प्रसिद्ध झाले. एकाच स्पंजाचे दोन तुकडे एकमेकांना लावले की ते बेमालूम जुळत. पण त्याच जातीच्या दोन निरनिराळ्या स्पंजांचे तुकडे लावले की सांध्यावरील पेशी मरत. पुन्हा त्याच परक्याशी गाठ घातली की विरोध अधिक त्वरेने होई. ज्याला मेंदू नाही त्याला 'मी' आणि 'तू' यांचा भेद कळतो, व पहिल्या भेटीची खूणही राहते! तत्त्वज्ञानाच्या अंगाने या शंकेचा निकाल लागणार नाही; वर्गात तो लावण्याची घाईही करू नये.

गांडुळाचे दोन तुकडे केले की दोन गांडुळे होतात, ही समजूत मात्र खोडून काढावी. पुढच्या भागाला क्वचित शेपूट येते. मागचा भाग बहुधा मरतो. स्पंजाची कथा ऐकून मुलांनी कुदळीने गांडुळे तोडून पाहावीत, हे कोणत्याही शिक्षकाला रुचणार नाही.

स्पंजाच्या या शक्तीचा व्यवहारात उपयोग करण्याचा प्रयत्न विल्सन यांच्या आधीपासून चालू होता. ऑस्कर श्मिट या प्राध्यापकांनी १८६० नंतरच्या दशकात एड्रियाटिक समुद्रात स्नानाच्या स्पंजाचे तुकडे करून ते पाण्याखाली लावून वाढविले. तुकडे जगले व वाढले. पण लाकडी चौकटी समुद्रातील पोखरकिड्यांनी खाल्ल्या, आणि स्पंज काढणाऱ्या स्थानिक लोकांना आपला धंदा बुडेल असे भय वाटून त्यांनी विरोध केला. १८७२ च्या सुमारास तो उद्योग सोडून द्यावा लागला. आज आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील झांझिबार बेटात जांबियानी या गावच्या स्त्रिया हीच युक्ती वापरतात. स्पंज कापून त्याचे तुकडे दोरीला ओवून उथळ समुद्रात ठेवतात, त्यांच्यावर वाढलेले शेवाळ वेळोवेळी साफ करतात, आणि तुकडे पुरेसे मोठे झाले की विकतात. बेण्यासाठी पुन्हा त्यांतूनच तुकडे घेतात.

परंतु ही शक्ती स्पंजाला सर्व संकटांतून तारते असे नाही. १९३८ च्या अखेरीस बहामा बेटांजवळ स्नानाचे स्पंज सडू लागले. १९३९ च्या सुमारास ही साथ कॅरिबियन समुद्र व फ्लोरिडापर्यंत पसरली. तिचा तपास करण्याचे काम, योगायोगाने, त्याच पॉल गाल्टसॉफ यांच्याकडे आले. मैलोगणती तळावरील बहुसंख्य उपयुक्त स्पंज मेले आणि त्यांच्यावर पोट भरणाऱ्या हजारो कोळ्यांचा धंदा बसला. पुढे थोड्याच वर्षांत कृत्रिम स्पंज स्वस्त झाला व बाजाराची दिशाच पालटली. प्रत्येक पेशीच्या दाराशी पाट वाहतो हा स्पंजाचा आधार खरा; पण त्याच पाण्यातून रोग आला, किंवा पाणीच तापले वा गाळाने भरले, तर तोच आधार घातक ठरतो. चाळणीतून निभावलेल्या जिवाला विषारी पाण्यातून निभावता येत नाही. ज्या स्पंजांतून औषधे मिळाली त्यांच्याही जपणुकीचा प्रश्न यामुळे उभा राहतो. कॅरिबियनमधील एका स्पंजात १९५१ च्या सुमारास वर्नर बर्गमन यांना सापडलेल्या द्रव्यांवरून रक्ताच्या कर्करोगावरील सायटॅराबिन हे औषध पुढे तयार झाले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे.

इतके वाचून देशावरच्या शिक्षकाला वाटेल की हा सारा समुद्राचा मामला. मुलांना दाखवायचे काय? तसे नाही. काही स्पंज गोड्या पाण्यात राहतात, आणि त्यांच्या अभ्यासाचे एक आद्य स्थान खुद्द मुंबई आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतील हेन्री जॉन कार्टर या शस्त्रवैद्याने १८४० नंतरच्या दशकात मुंबई बेटावरील तळ्यांतले स्पंज सूक्ष्मदर्शकाखाली तपासले व १८४९ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या सन्मानार्थ एका जातीला १८६३ मध्ये कार्टेरी असे नाव मिळाले. आज ती युनापियस कार्टेरी म्हणून ओळखली जाते. मुंबईतील अनेक जुनी तळी पुढे बुजविली गेली. धोबी तलावाचे आता नाव तेवढे उरले आहे. ही जात मात्र देशातील अनेक तळ्यांत व तलावांत अद्याप आढळते.

तळी उन्हाळ्यात आटतात. मग स्पंज जगतो कसा? पाणी कमी होऊ लागले की त्याच्या अंगात खसखशीच्या दाण्यासारख्या किंवा त्याहूनही लहान गुळ्या तयार होतात. त्यांना जेम्यूल म्हणतात. अन्नाचा साठा पोटात घेतलेल्या आदिपेशींचा एक गठ्ठा आणि त्याभोवती चिवट कवच, अशी त्यांची रचना असते. कवचाला एक बारीक दार असते. स्पंजाचे शरीर मरते, सुकते, पण गुळ्या उन्हात महिनोन् महिने तग धरतात. पाऊस पडून तळे भरले की दार उघडून पेशी बाहेर सरपटतात आणि नवा स्पंज मांडतात. विल्सन यांनी कापडाने जे घडवून आणले त्याच्याशी याचे नाते उघड आहे : तेथे मोडतोड माणसाने केली, येथे ग्रीष्माने.

पौषानंतर तळ्याचे पाणी उतरू लागले की काठच्या बुडालेल्या काटक्या, दगड, जुने खुंट यांवर करडे वा पिवळट, ठिसूळ, जाळीदार थर सुकलेले दिसतात. त्यांना एक उग्र वास असतो. त्यांच्या बुडाशी बारीक पिवळट दाणे असले तर त्या गुळ्या समजाव्यात. असा थर असलेली एखादी काटकी शिक्षकांनी स्वतः आणावी. मुलांना पाण्याच्या काठी पाठवू नये. थर हाताने चुरडू नये, कारण त्यातील काचेसारख्या कंटिका त्वचेत रुततात व खाज सुटते. डोळ्यांना तर हात मुळीच लावू नये. काही दाणे चिमट्याने उचलून कागदाच्या पुडीत सावलीत जपून ठेवावेत. जूनमध्ये शाळा उघडल्यावर रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत तळ्याचे पाणी फडक्याने गाळून घ्यावे, तळाशी काचेचा एक तुकडा ठेवावा व त्यावर दाणे सोडावेत. बरणी उन्हात ठेवू नये आणि पाणी दोन-तीन दिवसांनी निम्मे बदलावे. सर्वच गुळ्या उघडतील असे नाही. काही न उघडल्यास पुडीतील दुसरे दाणे घालून पाहावे. आठवडाभरात एखाद्या दाण्याभोवती पांढुरकी, अर्धपारदर्शक कड दिसू लागली तर भिंगातून ती रोज पाहावी. कड रुंदावत जाते व तिच्यावर एक बारीक नळीसारखे तोंड उभे राहते. त्या तोंडाजवळ पाण्यात शाईचा अगदी लहान थेंब हलक्या हाताने सोडला तर कण बाहेर ढकलले जाताना दिसण्याचा संभव असतो. ग्रँटने पाहिले होते ते हेच. बरणीत हा स्पंज फार दिवस टिकत नाही. निरीक्षण पुरे झाल्यावर काचेचा तुकडा ज्या तळ्यातून काटकी आणली त्याच तळ्यात नेऊन ठेवावा.